देवाला इचारून सांगतो

सोपानतात्या मला ‘रंगारी’ म्हणायचे. गावात बाकी सगळे मला भाऊसाहेब म्हणतात, कारण मी वालचंदनगरला कारखान्याच्या भांडारात नोकरीला होतो आणि पँट घालून सायकलवरून जायचो. मी आयुष्यात एक भिंत रंगवलेली नाही. पोळ्याला बैलांची शिंगंसुद्धा आमचा धाकटा भाऊ रंगवायचा. तरी निमगाव केतकीच्या भर बाजारात तात्या लांबून हाक मारायचे, “ओ रंगारी, मिरची काय भावानं घेतली?” आणि दहा माणसं वळून बघायची. तरुणपणी मी फुलाफुलांचे शर्ट घालायचो, त्यावरून म्हणत असतील, अशी माझी समजूत होती. पुढे शर्ट गेले, केस गेले, नोकरी संपली. ‘रंगारी’ काही गेलं नाही.

तात्या गेले त्याला वर्ष होऊन गेलं. त्यांच्याबद्दल गावात जे सांगितलं जातं त्यातलं बरंच चुकीचं आहे, आणि मूळ चूक माझी आहे. म्हणून हे लिहितोय.

तात्यांचं घराणं मेंढरं राखणारं. तात्यांच्या वडलांनी मेंढरं विकून जमीन धरली, पण तात्यांची चाल मेंढक्याचीच राहिली. कुठंही निघाले की सगळ्यांच्या मागं. वरातीत मागं, ग्रामसभेत मागं, मयतीलाही मागं. कुणी पुढं बोलावलं तर म्हणायचे, “पुढं चालतो त्याला रस्ता कळतो. मागं चालतो त्याला कळप कळतो.” उंच, जरा पोक काढलेले, टोपी कायम एका कानावर. आणि तोंडात एक वाक्य, ज्याच्या जोरावर त्यांनी उभा जन्म काढला: “देवाला इचारून सांगतो.”

उमेदवार मत मागायला आला, “देवाला इचारून सांगतो.” ठिबकच्या नळ्या विकणारा आला, “देवाला इचारून सांगतो.” नळ्यावाला चिवट होता. तो दुसऱ्या दिवशी परत आला. तात्या म्हणाले, “देव म्हनला, आधी त्याच्या रानात बघून ये.” नळ्यावाल्याला रान नव्हतं. तो पुन्हा आला नाही.

हा देव म्हणजे आमच्या बांधावरचा बांधोबा. आणि तो देव मी केला होता.

आमचं जुनं गाव भीमेच्या काठाला होतं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा माळावर नवीन गावठाण मिळालं. जुन्या गावात एक गढी होती. आम्ही गढी म्हणायचो, पण तो कुठल्याशा जुन्या राजांचा राजवाडाच होता. राजे कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, पण दगड उत्तम होते. पाणी यायच्या आत ज्याला जे उचलवलं त्यानं ते नेलं. दरबाराचे खांब गोठ्यांना लागले. एकानं दाराची नक्षीदार चौकट नेऊन संडासाला बसवली. त्या घरातलं माणूस दिसत नसलं की अजून लोक म्हणतात, “दरबारात गेलाय.” आमच्या वडलांनी गाडीत घालून एक गोल गरगरीत दगड आणला, विहिरीच्या काठाला बसवू म्हणून. तो तसाच पडून राहिला.

नवीन जागी माझं आणि तात्यांचं रान शेजारी आलं. मधे बांध. शेतकऱ्याला बांध समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. बांध ही अशी वस्तू आहे की तिला पाय नसतात, तरी ती दरसाल नांगरटीला थोडी थोडी चालते. आमचा बांध तात्यांच्या बाजूला चालायचा. म्हणजे कोरणारा मी होतो. हे स्पष्ट लिहितो, कारण गावात अजून उलटं सांगतात आणि मी ते कधी खोडलं नाही.

एका साली मी नांगराची दोन तासं, म्हणजे नांगरटीच्या दोन ओळी, जरा जास्तच आत घातली. तात्या सरकारी मोजणी आणणार अशी कुणकुण लागली. मोजणी आली असती तर इतक्या वर्षांचं शेजारपण आणि माझी पँटीतली अब्रू, दोन्ही गेलं असतं. तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्याकडे मोजणीच्या खुणेच्या दगडापेक्षा शेंदराचा दगड भारी. ज्या बांधावर देव बसला तो बांध हलवायची कुणाची छाती होत नाही. पहाटे वडलांचा तो दगड पहारीनं ढकलत सरकवलेल्या बांधावर नेला आणि उभा केला. शेंदूर विकत घेतला असता तर दुकानदारानं गावभर केलं असतं. कारखान्यात लोखंडाला गंज चढू नये म्हणून तांबडा प्रायमर लावतात. एका टाकून दिलेल्या डब्याच्या बुडाशी तो उरला होता. त्याचे ब्रशनं दोन हात मारले, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि सायकल काढून पहिल्या पाळीला गेलो.

उभा करताना तो दगड काय आहे हे मला दिसलं होतं. तो हत्ती होता, पण अर्धा. मागचा अर्धा. दोन गोल पुठ्ठे आणि मधून खाली आलेलं शेपूट. रंग लागल्यावर मात्र चमत्कार झाला. पुठ्ठ्यांचे गाल झाले आणि शेपटाचं नाक. समोरून बघणारा कुणीही देवच म्हणाला असता. फक्त ते समोर नव्हतं.

संध्याकाळी परत आलो तर बांधावर ही गर्दी, आणि मधे सोपानतात्या टोपी काढून उभे. दगडाच्या अगदी जवळ नाक नेऊन त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, सायकलकडं बघितलं आणि म्हणाले, “या रंगारी. देव आलाय.”

मोजणी काही आली नाही. तात्यांनी मात्र देव मनावर घेतला. दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर. दोन्ही गालांवर चांदीचे डोळे. स्वतःच्या डाळिंबाची एक ओळ काढून देवावर पत्र्याचं छप्पर घातलं, म्हणजे आणखी जमीन गेली ती त्यांचीच. बांधोबा हे नावही त्यांनीच ठेवलं. माझी कामावर जायची वाट तिथूनच, आणि त्या वेळेला तात्या हटकून तिथं. मला सायकल थांबवून, उतरून, मान खाली घालून नमस्कार करावा लागे. “नीट वाका, रंगारी,” ते म्हणायचे. “देवाला पाट दुखल्याली चालत न्हाय.” निवृत्त होईपर्यंत मी हत्तीच्या ढुंगणाला रोज वाकून नमस्कार केलेला आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून विसरलो असतो. पण तात्यांच्या घरच्या काकू गेल्या आणि तात्या एकटे पडले. त्यांचा मुलगा दत्ता पुण्याला चांगल्या नोकरीत. तो दर दिवाळीला गाडी घेऊन यायचा, “तात्या, चला आता. लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे.” तात्या म्हणायचे, “देवाला इचारून सांगतो.” दुसऱ्या दिवशी उत्तर ठरलेलं. “देव म्हनला, तू गेल्यावर मला शेंदूर कोण लावंल?” दत्ता रिकामी गाडी घेऊन परत जायचा आणि तात्या करपलेल्या भाकरीवर ठेचा घेऊन बसायचे. मी माझ्या ओट्यावरून ते बघायचो. घरातलं गरम जेवण मला जायचं नाही. म्हातारा ज्याच्यासाठी अडून बसला होता तो देव माझ्या दोन तासांसाठी उभा केलेला होता. सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण सांगायचं काय? तात्या, तुमचा देव पाठमोरा आहे?

आणि मग मृणाल आली.

ही पुण्याची मुलगी, जुन्या वास्तूंचा अभ्यास करणारी. सोबत दोघं जण, एक लॅपटॉप आणि इस्त्रीएवढं एक यंत्र. गढी पाण्यात गेली, पण तिचे दगड गावोगाव आहेत. ते जागचे न हलवता या यंत्रानं स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरवर जोडून राजवाडा पुन्हा उभा करायचा, असं त्यांचं काम होतं. संडासाची चौकट त्यांनी स्कॅन केली. आतला माणूस बाहेर येईपर्यंत त्यांना थांबावं लागलं. गोठ्यातले खांब झाले. निमगाव केतकीला हौसाक्का नावाच्या बाईंच्या दारात त्यांना हत्तीचा पुढचा अर्धा सापडला. हौसाक्का त्यावर धुणं धूत. त्या अर्ध्याच्या बुडाला कमळाच्या पाकळ्यांची पट्टी होती, आणि तशीच पट्टी मृणालला बांधोबाच्या पायाशी शेंदरातून डोकावताना दिसली.

तिनं यंत्र देवावरून फिरवलं. तात्या म्हणाले, “देवाला इस्त्री करताय का?”

लॅपटॉपवर नुसता एक गुळगुळीत गोळा आला. मृणाल म्हणाली, “आजोबा, शेंदराचा थर फार जाड आहे. स्कॅनरला फक्त वरचं दिसतं, आतलं नाही दिसत.”

“मंजी गावासारखंच म्हना की.”

“थर काढला तर खालची मूर्ती मिळेल. देव तसाही कधीतरी कवच सोडतोच ना?”

हे खरं होतं. शेंदराचे थर चढून चढून देवाची खोळ एक दिवस आपोआप सुटते, ती नदीत सोडायची आणि पुन्हा शेंदूर लावायला घ्यायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. पण खोळ सुटली की खालून शेपूट निघणार होतं, आणि शेपटावर कारखान्याचा प्रायमर. तात्यांची सगळी सेवा गावाच्या हसण्यावारी गेली असती. मी पुढं झालो. जन्मात कधी देवळाच्या आत न गेलेला मी, देवाचा कोप, गावावरची अरिष्टं, सालाची पिकं यांवर चांगली अर्धी घटका बोललो.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “रंगारी, तुमी कवापासनं देवाला भ्यायला लागला?” आणि मृणालला म्हणाले, “पोरी, देवाला इचारून सांगतो.”

शनिवारी कौल लावला. देवाच्या दोन्ही गालांवर शेवंतीचं एकेक ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गाव जमलं. निमगावहून हौसाक्काही आल्या, आपल्या हत्तीचं या देवाशी काय नातं निघतंय ते बघायला. मी मुद्दाम डाव्या बाजूला उभा राहिलो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून डाव्या फुलावर हळूच फुंकर मारली. फूल हललं नाही. पुन्हा मारली.

“रंगारी, दमा वाडला का?” तात्या न वळता म्हणाले.

तेवढ्यात उजवं फूल टपकन पडलं.

कडेनं लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले, फटीत कोमट पाणी सोडलं, आणि खोळ नारळाच्या करवंटीसारखी अख्खी सुटून आली. चांदीच्या डोळ्यांसकट. चौघांनी ती बाजूला ठेवली. उरला तो दगड सगळ्यांनी बघितला. काळाभोर, सुरेख घडवलेला, शेपटाचा गोंडासुद्धा केसान्‌केस कोरलेला. काय आहे ते पोरासोरांनाही कळत होतं. हत्तीच्या मागं अख्खं गाव हात जोडून उभं होतं.

हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला, पण त्यांना राहवलं नाही. “अगं बया! तोंड आमच्यात आन् ह्यांनी शेपटाला पुजलं!”

तात्या दगडाकडं बघत होते. टोपी सारखी करून म्हणाले, “अक्का, तुमी तोंडावर धुनं आपाटलं. आमी ढुंगनाला तरी फुलं वायली.”

असं हसू फुटलं की पत्र्याच्या छपरावरचे होले उडाले. हौसाक्का सगळ्यांत जास्त हसल्या. त्यात कुणीतरी विचारलं, “पर तात्या, आता काय म्हनायचं?” तात्या म्हणाले, “काय म्हनायचं? इतकी वर्सं सांगत हुतो, मी देवाच्या मागं लागलोय म्हनून. खोटं हुतं का?”

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मृणाल अभ्यासू पोरगी. ती खोळीच्या आतल्या बाजूला वाकली, नखानं खरवडलं आणि म्हणाली, “गंमतच आहे. सगळ्यात खालचा थर शेंदूर नाहीये. हा प्रायमर आहे. लोखंडाला लावतात तो.”

“देवाला प्रायमर? कुनी लावला?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

गावात कारखान्याच्या भांडारात नोकरी केलेला माणूस एकच होता. चारपाच माना माझ्याकडं वळायला लागल्या. तात्या सावकाश खोळीपाशी गेले, आतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

“गंज धरू न्हाय म्हनून लावला आसंल,” ते म्हणाले. “जुनी मानसं लई हुश्शार.” आणि माझ्याकडं एकदाही न बघता प्रसादाचा नारळ फोडायला बसले.

मृणालनं दगड स्कॅन केला आणि खोळही स्कॅन करायला मागून नेली. इतक्या वर्षांच्या बोटांनी घडवलेला चेहरा आहे, तीही कलाच आहे, असं तिचं म्हणणं. ती म्हणाली की मूळ दगड आता उघडा ठेवा, फार सुंदर आहे. तात्या म्हणाले, “सुंदर हाय म्हनून नागडं ठिवायचं का?” आणि पुढच्या शनिवारी पुन्हा शेंदूर लावायला घेतला. मी त्यांच्यासमोर जाईनासा झालो. दुपारीसुद्धा दार लावून बसायचो.

काही महिन्यांनी बारामतीत एका सभागृहात त्या राजवाड्याचं प्रदर्शन भरलं. तात्या दारात येऊन उभे राहिले. “चला रंगारी. खोळ आनायची हाय, मला एकट्याला उचलायची न्हाय.” जावंच लागलं. भिंतीएवढ्या पडद्यावर दरबार उभा होता. गोठ्यांतले खांब ताठ उभे राहिलेले. संडासाची चौकट मुख्य दरवाजाला, तिच्यातून राजे येत असणार. आणि पायऱ्यांच्या बाजूला हत्ती. अख्खा. निमगावचं तोंड आणि आमची पाठ अशी बसली होती की सांधा कुठं ते ओळखू येत नव्हतं. मृणालनं पडद्यावर हत्ती गोल फिरवला. सोंड समोर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हत्ती फिरत फिरत पाठमोरा झाला तेव्हा सगळ्यांच्या मागं उभ्या असलेल्या तात्यांनी टोपी काढून हात जोडले.

तिथून टेम्पोत खोळ घालून आम्ही नरसिंहपूरला गेलो, भीमा आणि नीरा मिळतात तिथं. खोळ पाण्यात सोडली. तांबडा रंग जरा वेळ दिसला आणि गेला. घाटाच्या पायरीवर बसलो. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

“तात्या, एक सांगायचंय. तो खालचा रंग…”

“त्यात काय सांगायचं? पयल्या दिशीच कळलं. शेंदराला तेलाचा वास येतो. तुमच्या देवाला रंगाच्या डब्याचा येत हुता. आन् तुमच्या सायकलच्या मुठीवर तांबडी बोटं.”

“मग पूजा का केली?”

“बांद दरसाल चालत हुता. त्या दिसापासनं उभा ऱ्हायला. मला जमलं न्हाय, तलाठ्याला जमलं न्हाय, ते त्यानं केलं. मग देव न्हाय तर काय?” त्यांनी पाण्यात पाय सोडले. “भांडून काय झालं आसतं? तुमी कोरटात, मी कोरटात. त्यापरीस रोज सकाळी तुमी सायकलवरनं उतरून हत्तीच्या बुडाला मान लवायची, ते बगायला झाक वाटायचं.”

“म्हणजे ते काय आहे हेही…”

“मेंढक्याच्या पोराला जनावराचं मागलं कळंना व्हय?”

मी हसावं की रडावं ते न कळून दोन्ही केलं. तात्या म्हणाले, “गप ऱ्हावा आता. खालचा थर तुमचा. वरचे समदे माझे. ते तर खरे हुते ना?”

“आणि दत्ताकडं गेला नाहीत, ते?”

“त्या लिपटात मला गुदमारतं. पोराला तसं कसं सांगू? देवाचं नाव सांगितलं.”

“तात्या, ती दोन तासं तुमची आहेत. मोजणी आणू. परत घ्या.”

त्यांनी टोपी झटकली, एका कानावर घातली आणि पाण्याकडं बघत म्हणाले, “देवाला इचारून सांगतो.”

त्या दिवाळीच्या आधीच तात्या गेले. बांधोबासमोर बसले होते, बसल्याजागी गेले. मांडीवर शेंदराची वाटी तशीच होती. मयतीत पहिल्यांदाच ते सगळ्यांच्या पुढं होते. मी दत्ताला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, तात्या काय म्हणाले होते?” मी म्हणालो, “विचारून सांगतो म्हणाले होते.” तो म्हणाला, “मग थांबू जरा.”

वर्षभर थांबलो. उत्तर आलं नाही. मग मीच मोजणी आणली. इतक्या वर्षांत बांध पहिल्यांदा माझ्या बाजूला चालला. देव जागचा हलवला नाही. तो आता पूर्ण तात्यांच्या रानात आहे.

शनिवारचा शेंदूर मी लावतो. तेलातला. हात लाल होतात आणि साबणानं नीट जात नाहीत. परवा निमगावच्या बाजारात मिरच्या घेताना मिरचीवाली माझी बोटं बघत म्हणाली, “बाबा, रंगारी हाय का तुमी?”

“व्हय,” मी म्हणालो.